बोंबलाच्या पोटात बोंबील

टिपणीस बाईंच्या लॅबमध्ये रिपोर्ट हातात पडण्याआधी एक काम करावं लागे. आपलं रक्त आपण बघायचं. बाई काचपट्टी मायक्रोस्कोपखाली सरकवत, दोन बोटांनी चाक फिरवून नजर बसवत आणि स्टूल रिकामं करून म्हणत, "या. आपल्या घरात कोण कोण राहतं ते बघून घ्या." मग समोर कापड बाजारातला शेटजी असो नाहीतर कोन गावाहून आलेला रिक्षावाला. लोक बिचकत. कुणी चुकीचा डोळा मिटी, कुणी दोन्ही. पुष्कळांना पहिल्यांदा काहीतरी काळं काळं हलताना दिसे आणि ते घाबरून मागे सरत. बाई शांतपणे सांगत, "त्या तुमच्या पापण्या. रक्तात केस नसतात. जरा मागून बघा."

लॅब पनवेलच्या मिरची गल्लीत, एका मसाल्याच्या दुकानाच्या वर होती. रक्त द्यायला येणारा माणूस आधी जिन्यात दोन शिंका देऊनच वर पोचे. दीड खोली, एक बाक, एक फ्रीज आणि बाई. वय पन्नाशीच्या पुढे, सुती साडी, वर पांढरा कोट, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. बोटांची टोकं मात्र जांभळी. रक्ताच्या काचांना जो रंग देतात तो त्यांच्या बोटांत मुरला होता आणि कुठल्याही साबणाला दाद देत नव्हता. निवडणुकीच्या दिवसांत बाजारातले लोक त्यांना चिडवत, "बाई, किती ठिकाणी मतदान केलंत?" बाई म्हणत, "सगळीकडे केलं, तरी तुमचा नाला साफ झाला नाही."

त्यांची माझी ओळख रक्तामुळे झाली नाही, मासळीमुळे झाली. आम्ही उरणजवळच्या मोरा बंदरातले कोळी. बाबा आणि भाऊ होडीवर. मला पनवेलच्या शाळेत नोकरी लागली, आई तशीही तिथल्याच उरण नाक्यावर मासळी विकायला यायची, म्हणून आम्ही मायलेकींनी पनवेलात खोली घेतली. बाई जातीच्या सीकेपी, म्हणजे मासळीच्या बाबतीत आमच्यापेक्षा दोन पावलं पुढेच. आईच्या पाटीसमोर उकिडव्या बसून त्या पापलेटाचा कल्ला उघडत, आत डोकावत आणि म्हणत, "हा काल गेला." आई उसळून म्हणे, "काल कवा? सकाली जिता व्हता." बाई म्हणत, "मग रात्री आजारी असेल." हा तंटा रोजचा, आणि रोज शेवटी बाई तेच पापलेट घेत. मी शाळेला जाताना हे बघायचे आणि वाटायचं, या दोघींना भांडल्याशिवाय दिवस उगवल्यासारखा वाटत नसावा.

मग मी आजारी पडले. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, लग्नाचं बघणं चालू होतं. आधी बोटांचे सांधे धरले, मग गालांवर लाल चट्टे उठले, मग ताप. शाळेत फळ्यावर लिहिताना खडू हातातून गळायचा. दोन डॉक्टर झाले, मलेरिया झाला, टायफॉइड झाला, म्हणजे त्यांची औषधं झाली. शेवटी आईने बाईंना गाठलं. बाईंनी माझे गाल बघितले, हात उलटसुलट करून बघितले, रक्त आणि लघवी घेतली आणि दुसऱ्या दिवशी मला स्टुलावर बसवलं. त्या कधी गोड करून सांगत नसत. "ल्युपस म्हणतात याला," त्या म्हणाल्या. "जंतू नाही, कॅन्सर नाही. तुझ्याच पेशी तुझ्यावर उठल्यात. लघवीतून प्रोटीन जातंय, म्हणजे किडनीपर्यंत पोचल्यात. जपलं नाही तर किडनी जाईल. जपलं तर म्हातारी होशील."

मी रडायला लागले. बाईंनी रडू दिलं, मग म्हणाल्या, "आता डोळे पूस आणि बघ. ओल्या डोळ्यांनी फोकस बसत नाही."

त्या दिवसापासून दर पंधरवड्याला मी त्यांच्या स्टुलावर बसू लागले आणि माझ्या रक्तातली माणसं मला हळूहळू ओळखू यायला लागली. तीन-चार खणांचं केंद्र असलेल्या त्या न्यूट्रोफिल. "ही पहिल्या हाकेला धावणारी पोरं," बाई सांगत. "विचार नंतर करतात." त्यांच्या बाजूला लहान, गोल, जवळजवळ सगळं अंग जांभळ्या केंद्राने भरलेल्या लिम्फोसाइट. "ह्या अबोल. पण सगळं लक्षात ठेवतात. यांच्यात दोन-तीन जाती आहेत, काचेवर मात्र जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. एक जात हत्यारं बनवते. दुसरी तिला सांगते, बनव. आणि त्यांच्यातच एक अशी असते जी म्हणते, पुरे आता. तुझ्याकडे ती पुरे म्हणणारी कमी पडलीय, किंवा तिचं कुणी ऐकत नाही."

मी विचारलं, पण मुळात भांडण लागलं कशावरून? बाई म्हणाल्या, "तुझ्या आईचा बाजार उठल्यावर खवले, आतडी तशीच पडली तर काय होतं?" मी म्हटलं, "मांजरं येतात. मग कुत्रे." "आणि मग?" "मग कुत्र्यांची आपसात जुंपते, आणि येणाऱ्याजाणाऱ्यालाही चावतात." बाईंनी मान डोलावली. "शरीरात रोज लाखो पेशी मरतात. उचलून नेणाऱ्या पेशी वेगळ्या असतात. त्यांनी आळस केला की हा कचरा तसाच पडतो, आणि मग बाकीच्यांना वाटतं, कुणी परका शिरलाय. घरातलीच वस्तू, पण भलत्या जागी पडलेली. म्हणून मी सांगते, रोग म्हणजे दरवेळी शत्रू नसतो. पुष्कळदा तो घरातला गोंधळ असतो."

हे त्यांचं आवडतं वाक्य. स्वाइन फ्लूच्या साथीत नवीन पनवेलचे एक साहेब लॅबमध्ये आले आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या पूर्ण फॅमिलीची इम्युनिटी किती आहे ती चेक करून द्या." बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "घरात किती आवाज होतो त्यावरून ते घर किती भक्कम आहे हे कळतं का हो?" साहेब म्हणाले, "मी पे करायला तयार आहे." "ते दिसतंय," बाई म्हणाल्या, "पण इथे मोजायची ती गोष्ट नाही. भांडणारे किती हे मी सांगेन. ते वेळेवर थांबतात का, ते तुमचं आयुष्यच सांगेल." साहेब गेले आणि बहुतेक दुसऱ्या लॅबमध्ये मोजून घेतलं असावं. असल्या बोलण्यामुळे बाईंचा धंदा कधी वाढला नाही.

माझे उपचार मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे चालू होते. त्यांनी स्टेरॉइडच्या पांढऱ्या, बारीक, कडूजहर गोळ्या दिल्या. सकाळी माझी बोटं इतकी आखडलेली असत की पाकिटातून गोळी फोडून काढणंही जमत नसे. आई ते करायची. गोळ्या काढून माझ्या तळहातावर ठेवायची आणि मी गिळेपर्यंत पाण्याचा तांब्या धरून उभी राहायची. चट्टे फिके पडले, बोटं सैलावली, पण तोंड सुजून चंद्रासारखं झालं. वस्तीतल्या बायका येऊन हळहळायच्या. प्रत्येकीकडे ताकद वाढवण्याचा एक उपाय असायचा. गुळवेल, खाडीतल्या निवट्या माशांचा रस्सा, चिंबोऱ्यांचं कढण. आईने विचारलं, ही गोळी नेमकं करते काय? मी नव्याने शिकलेलं ज्ञान पाजळलं. म्हटलं, प्रतिकारशक्ती कमी करते. आईने गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून बघितलं. मग ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

दिवाळीनंतर मी पुन्हा खचले. पाय सुजले, लघवीला फेस यायला लागला, तपासणीत प्रोटीन पूर्वीपेक्षा जास्त निघालं. मुंबईच्या डॉक्टरांनी कपाळाला आठी घातली. गोळी हरली, असं ते म्हणाले. आता जबर इंजेक्शन सुरू करावं लागेल, पुढच्याच आठवड्यात. त्याने किडनी वाचेल, पण पुढे मूल होईल याची खात्री देता येणार नाही. त्यांनी हे फार सभ्यपणे सांगितलं. घरी येताना आई माझी फाइल पोटाशी धरून बसली होती. मला मरायची भीती वाटत नव्हती, खरं सांगते. मला वाटत होतं, चोविसाव्या वर्षी कुणीतरी माझ्या पुढच्या घराचं दार बाहेरून बंद करतंय.

इंजेक्शनच्या आधीच्या तपासण्या टिपणीस बाईंकडे करायच्या होत्या. त्या दिवशी त्यांनी मला बघायला बोलावलं नाही. स्वतःच काचेवर वाकून राहिल्या. काच थोडी सरकवायच्या, थांबायच्या, पुन्हा मागे आणायच्या. मग दुसरी काच रंगवली आणि तीही तशीच बघितली. शेवटी म्हणाल्या, "रेश्मा, ये इकडे." मी बघितलं. नेहमीच्या मंडळींत एक नवी पेशी होती, आत नारिंगी दाणे गच्च भरलेले, डाळिंब फोडल्यासारखी. काच सरकवली तर आणखी एक. "ह्या इओसिनोफिल," बाई म्हणाल्या. "तू एवढ्या गोळ्या घेतेस, तर यांनी दिसायला नको. त्या गोळीने ह्या पहिल्या पळतात. गेल्या खेपेला एकही नव्हती."

मी म्हटलं, "खालच्या मिरचीमुळे असेल."

"मिरचीने शिंका येतात. ह्या नाही येत." त्यांनी चष्मा काढून पुसला. "गोळ्या रोज घेतेस?"

"रोज. आई देते."

"कडू लागतात?"

"आधी लागायच्या. आता सवय झालीय, लागत नाहीत."

बाई बराच वेळ जांभळ्या बोटांनी टेबलावरची काच पुसत बसल्या. ती काच स्वच्छच होती. मग म्हणाल्या, "उद्या दुपारी बाजार उठला की आईला घेऊन ये. आणि तुझं थोडं रक्त दे, मला एक जुनी तपासणी करायचीय. आता कुणी करत नाही, पण माझ्या हाताला ती आठवते का ते बघायचंय."

दुसऱ्या दिवशी आई मासळीच्या वासासकट, पदर खोचलेला, तशीच आली. बाईंनी तिला एकटीला आत घेतलं आणि दार लोटलं. मी बाकावर बसून राहिले. आतून आधी बाईंचा आवाज येत होता, हळू. मग आईचा एकच शब्द मोठ्याने ऐकू आला, "बोंबील." मला वाटलं, या दोघींचं पुन्हा मासळीवरून सुरू झालं.

आई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. माझ्याकडे न बघता ती माठाशी गेली, पाणी प्यायली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मी विचारलं, काय दाखवलं? ती म्हणाली, "बोंबलाच्या पोटात बोंबील." मला लगेच कळलं. मोठा बोंबील साफ करायला घेतला की कधीकधी त्याच्या पोटात लहान बोंबील सापडतो, अख्खाच्या अख्खा. आपल्याच जातीचं गिळणारा मासा. बाईंनी मलाही त्या जुन्या तपासणीची काच दाखवली. एका न्यूट्रोफिलने दुसऱ्या पेशीचं अख्खं केंद्र गिळलं होतं. स्वतःचं केंद्र कडेला दाबलं गेलं होतं आणि मध्ये तो गिळलेला गुळगुळीत जांभळा गोळा. माझा आजार पहिल्यांदा मला इतका स्पष्ट दिसला. आईला बरोबर शब्द सापडला होता.

बाई मला म्हणाल्या, "तुझ्या गोळ्या अंगी लागत नव्हत्या. असं होतं कधीकधी. दुकान बदल, मी सांगते तिथून घे. मुंबईला फोन केलाय. इंजेक्शन थांबवलंय त्यांनी. आधी हीच गोळी पुन्हा, पूर्ण डोस, आणि दर आठवड्याला मला तोंड दाखवायचं." मी सुटकेचा श्वास सोडला. मग त्यांनी एक विचित्र अट घातली. "गोळी आईच्याच हातून घ्यायची. बोटं बरी झाली तरी."

"का?"

"मी सांगते म्हणून."

बाईंनी कारण दिलं नाही असं कधी झालं नव्हतं. पण मी तेव्हा इंजेक्शन टळल्याच्या आनंदात होते, मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी आईने गोळ्या हातावर ठेवल्या. त्या जिभेवर इतक्या कडू लागल्या की मी तोंड वाकडं केलं. मनात म्हटलं, आधीचा दुकानदार काय लबाड निघाला. आई तांब्या धरून उभी होती.

किडनी वाचली. लगेच नाही, वर्ष गेलं. फेस कमी झाला, सूज उतरली, गोळ्या उतरत उतरत अर्ध्यावर आल्या. नारिंगी पेशी पुन्हा दिसेनाशा झाल्या, आणि त्या दिसत नाहीत याचा कुणाला इतका आनंद होत असेल असं मला वाटत नाही. माझं लग्न झालं, आजारपण सांगूनच झालं. बाईंचं म्हणणं होतं, "पेशी खोटं बोलत नाहीत, माणसाने तरी कशाला बोलायचं?" माझ्या नवऱ्यालाही त्यांनी स्टुलावर बसवून माझं रक्त दाखवलं होतं. बिचाऱ्याला पापण्याच दिसल्या, पण तो हो हो म्हणाला. पुढे मला मुलगी झाली. नऊ महिने बाईंनी माझ्यावर जी नजर ठेवली ती आईनेही ठेवली नसेल. बाळंतपणानंतर भेटायला आल्या तेव्हा बाळाला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "अर्धी परकी असून तुझ्या पेशींनी हिला राहू दिलं. म्हणजे पुरे म्हणायला शिकल्या एकदाच्या."

आमची खोली माझ्या नव्या घराशेजारीच होती. रोज सकाळी आई येई, गोळी माझ्या हातावर ठेवी आणि मग पाटी घेऊन उरण नाक्याला जाई. माझी बोटं कधीचीच बरी झाली होती. पण ती रीत पडून गेली आणि मीही मोडली नाही.

दरम्यान पनवेल वाढलं. काचेच्या दारांची मोठी कलेक्शन सेंटरं आली, रक्त इथे घेऊन यंत्रावर मुंबईत तपासायचं आणि रिपोर्ट मोबाइलवर यायचा. बाईंच्या बाकावर माणसं कमी झाली. त्याबद्दल त्या कुरकुरल्या नाहीत. म्हणाल्या, "यंत्र मोजतं चांगलं. फक्त ते कुणाला विचारत नाही, गोळी कडू लागते का." मग त्यांचे डोळे अधू झाले आणि त्यांनी लॅब बंद केली. मासळीला मात्र येत. डोळ्यांनी दिसेना तेव्हा बोटाने दाबून बघत आणि म्हणत, "हा काल गेला." आई पूर्वीसारखी उसळत नसे. चांगली मासळी आधीच बाजूला काढून ठेवलेली असे.

मग एका फेब्रुवारीत बाई गेल्या, न्यूमोनियाने, फार दिवस अंथरुणाला न खिळता. त्यांना मागेपुढे कुणी नव्हतं, एक भाची पुण्याहून आली होती. आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. आईने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. अमरधामला नेल्यावर आम्ही घरी आलो, अंघोळी केल्या. दुपार होती. मुलगी शाळेत होती. मी चहा टाकला. आई ओट्याला टेकून खाली बसली होती, आणि तिने एकदम सांगायला सुरुवात केली.

"त्या वक्ताला तुजी गोली मी बदललेली."

मी गाळणी हातात घेऊन तिच्याकडे वळले.

"तू बोललीस ना, ती गोली शक्ती कमी करते. तुजा तोंड सुजलेला, बघायला येनारी लोका मागं फिरायची. मना वाटला, आजारी पोरीची शक्ती मी माज्या हातान कमी करू? पलस्प्याच्या फाट्यावर एक मानूस तंबू टाकून बसायचा, ताकदीची गोली द्यायचा. तशीच पांढरी. मी ती तुला देत व्हते. तुजी गोली खाडीत टाकत व्हते."

चहा उतू गेला. मी तो तसाच जाऊ दिला.

"बाईंनी मना त्या दिवशी विचारला, गोली कोनती देतंस? मी खरा सांगितला. त्या ओरडल्या नाय. दुर्बिनीत बघ बोलल्या. बोलल्या, ही पोरीची शक्तीच हाय, वाट चुकलेली, आपल्याच मानसाला गिलते. तू तिला अजून खायला घालतंस. मी बोलले, बाई, मी आताच भायेर जाऊन पोरीच्या पाया पडते, तिला सांगते. त्यांनी दार धरला. बोलल्या, आता नको. तिचा आंग तिच्यावर उलटलाय. घरात एक तरी मानूस आपला हाय, असा तिला वाटला पायजे. नायतर ती कुनाच्या हातचा औषिद घेल?"

आई पदराने नाक पुसून पुढे म्हणाली, "मी बोलले, मंग कवा सांगू? त्या बोलल्या, मी मेल्यावर सांग. तवा तिला माज्यावर चिडता येल, खोटा बोलले म्हनून. मेलेल्या मानसाला काय फरक पडत नाय."

मी तिच्यासमोर फरशीवर बसले. माझी किडनी, ते टळलेलं इंजेक्शन, शाळेत गेलेली माझी पोर, सगळं डोळ्यांपुढून गेलं. ज्या बाईने आयुष्यात कुणाचा रिपोर्ट गोड केला नाही, तिने माझा केला होता, आणि माझ्या आईला माझ्यासाठी शिल्लक ठेवलं होतं. राग आला. तो कुणावर काढायचा हे कळेना, आणि मग मला रडू फुटलं. आईने मला जवळ घेतलं नाही. ती हात मांडीवर ठेवून, शिक्षेची वाट बघत बसून राहिली.

मग तिने विचारलं, "उद्याची गोली मी देऊ, का तुजी तू घेशील?"

"तूच दे," मी म्हटलं.